वेगाची परीक्षा मे महिन्यात

घरी जुळवलेल्या गेमिंग पीसीचा वेग वाढवण्याबद्दल, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगबद्दल, आज भरपूर माहिती मिळते. त्यातली बहुतेक थंड हवामानाच्या देशांत किंवा वातानुकूलित खोल्यांत तपासलेली असते. चाचणीच्या वेळी खोलीचे तापमान वीस-बावीस अंश असते आणि सगळे आकडे त्याच हिशेबाने येतात. नांदेड-लातूरच्या घरात एवढा गारवा मिळतो तो डिसेंबर-जानेवारीत. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा चाळिशी ओलांडतो, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रीची जेवणे उरकल्यावरही वरच्या मजल्यावरची खोली निवत नाही. परीक्षा संपलेल्या असतात, सुट्टी लागलेली असते, आणि पीसी सर्वांत जास्त तास चालतो तो याच दिवसांत. म्हणून मराठवाड्यातल्या वाचकाला या विषयाची ओळख करून द्यायची, तर सुरुवात प्रोसेसर ज्या खोलीत ठेवला आहे त्या खोलीपासून करावी लागते. प्रोसेसरचा क्रमांक नंतर येतो.

खरेदीचा हंगामही इथे उलटा पडतो. सोयाबीन ऑक्टोबरच्या सुमारास बाजारात येते, हातात पैसा खेळतो, दिवाळीच्या सवलती सुरू असतात आणि कित्येक महिने लांबणीवर पडलेला पीसी तेव्हा घरात येतो. थंडीत तो जुळवला जातो, वेग वाढवून पाहिला जातो, दोन-तीन आठवडे बिनतक्रार चालतो आणि मग ती सेटिंग कायमची होऊन बसते. मे महिन्यात गेम मध्येच बंद पडू लागतो, निळा पडदा येतो, पंखे भणभणतात. दोष विंडोजला, गेमला किंवा पार्ट विकणाऱ्याला दिला जातो. प्रत्यक्षात बदललेली असते ती फक्त हवा.

हे पीसी बांधणारे कोण, हेही पाहिले पाहिजे. बरेचसे विद्यार्थीच. नांदेडच्या विष्णुपुरीतली श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था १९८१ ची, लातूरचे एम. एस. बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ चे. लातूरच्या शिकवणी वर्गांसाठी तर आसपासच्या जिल्ह्यांतली मुले दहावीनंतर तिथे येऊन खोली करून राहतात. बारावीपर्यंत गेमला हात लावू न दिलेल्या मुलाला प्रवेश पक्का झाला की पीसीचे वचन पाळून घ्यायचे असते. नांदेडकर देवगिरी एक्स्प्रेसने सिकंदराबाद गाठतो आणि पार्क लेनवरच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये दर विचारत फिरतो. लातूरकराची धाव पुण्याकडे किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडकडे. आता बरेच पार्ट ऑनलाइन मागवले जातात, पण हिशेब तोच राहतो: वडिलांनी काढून ठेवलेले पैसे, आईची भिशी आणि थोडे उसने. जळलेला मदरबोर्ड सहज बदलून आणता येईल अशी ही घरे नाहीत. ओव्हरक्लॉकिंगविषयी लिहिताना सुरक्षिततेवर इतका भर देण्याचे कारण हेच आहे.

आता मूळ गोष्ट. प्रोसेसर एका ठरावीक ठेक्यावर काम करतो. ४.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४४० कोटी ठोके. मदरबोर्ड सहसा १०० मेगाहर्ट्झचा पायाभूत ठोका देतो आणि प्रोसेसर त्याला एका गुणकाने गुणतो. १०० गुणिले ४४ म्हणजे ४४०० मेगाहर्ट्झ. हा गुणक वाढवणे हे ओव्हरक्लॉकिंगचे सर्वांत सरळ रूप. ठोका जलद झाला की प्रत्येक ठोक्यात काम उरकायला ट्रान्झिस्टरला कमी वेळ मिळतो. तो वेळ अपुरा पडू लागला की उत्तर चुकते. त्यावर उपाय म्हणून व्होल्टेज वाढवतात. व्होल्टेज वाढले की ट्रान्झिस्टर चपळ होतात, पण उष्णताही वाढते. सगळा खेळ या तीन गोष्टींचा आहे.

मुळात वेग वाढवायला जागा का असते? एकाच सिलिकॉन चकतीवर तयार झालेल्या चिप्सही तंतोतंत सारख्या निघत नाहीत. काही कमी व्होल्टेजवर सहज धावतात, काहींना ढकलावे लागते. कंपनी मात्र एका नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक चिपला एकच हमी देते. त्यामुळे वेग ठरवताना ती कमजोर चिप, साधा पंखा, काही वर्षांची झीज आणि उकाड्याची खोली हे सारे गृहीत धरून थोडी शिल्लक ठेवते. ओव्हरक्लॉकिंग करणारा ही शिल्लक वापरतो. इथेच मराठवाड्याचा मुद्दा येतो. त्या शिल्लकीतला एक भाग कंपनीने तापलेल्या खोल्यांसाठीच राखलेला असतो आणि आपल्याकडचा उन्हाळा तो दरवर्षी खर्च करतो. स्टॉकहोममधल्या मुलाला जेवढी जागा मिळते तेवढी लातूरमधल्या मुलाला मे महिन्यात मिळत नाही. दोघांनी एकच चिप, एकाच किमतीला घेतली असली तरी.

हा छंद जुना आहे. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए बाजारात आला. तो ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर, म्हणजे पायाभूत ठोक्यावर, साडेचार पटीने चालायचा, म्हणजे ३०० मेगाहर्ट्झ. तीच बस १०० वर नेली की तो ४५० वर जायचा, आणि बहुतेक चिप्स हे सहज सोसत. त्याच वेळी ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू कित्येक पट महाग होता. पुढे २००० च्या सुमारास एएमडीच्या अ‍ॅथलॉन आणि ड्युरॉन चिप्सवरच्या तुटलेल्या जोडरेषा चक्क पेन्सिलच्या शिशाने जोडून गुणक मोकळा करता येत असे, कारण ग्रॅफाइटमधून वीज वाहते. जानेवारी २०११ मध्ये आलेला कोअर आय-५ २५००के हा या परंपरेतला शेवटचा मोठा आनंद म्हणावा लागेल. ३.३ गिगाहर्ट्झची ही चिप चांगल्या हवेच्या कूलरवर साडेचारपर्यंत अनेकांनी नेली. एक तृतीयांशाहून अधिक वाढ, तीही वाजवी किमतीत.

त्या काळाच्या गोष्टी ऐकून आजचा तरुण फार अपेक्षा ठेवतो. परिस्थिती बदलली आहे, आणि त्याचे मूळ पुष्कळ मागे आहे. रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या आयबीएममधल्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडले होते की ट्रान्झिस्टर लहान होत जातील तसे व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येईल, त्यामुळे वेग वाढूनही उष्णता आटोक्यात राहील. तीसेक वर्षे तसेच घडले. मग व्होल्टेज उतरायचे थांबले. २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर आणण्याचा बेत सोडून दिला आणि साऱ्या उद्योगाने एकाऐवजी अनेक कोअरची वाट धरली. आजचे प्रोसेसर उरलीसुरली शिल्लक स्वतःच वापरतात. रायझन ५ ५६०० घ्या. त्याचा मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्झ, पण तापमान आणि वीज यांची मर्यादा पाहून तो आपणहून ४.४ पर्यंत जातो. कोअर आय-५ १२४००एफ सारख्या लोकप्रिय चिपचा गुणक तर कुलूपबंदच आहे. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी के असलेली चिप आणि झेड मालिकेचा बोर्ड लागतो. एएमडीत बी४५०, बी५५० सारखे मध्यम बोर्डही चालतात, ए३२० आणि ए५२० मात्र चालत नाहीत. खरेदीआधी एवढे पाहिले तरी पुढची निराशा टळते.

मग हाताने वेग वाढवून मिळते किती? ४.४ वरून ४.७ वर गेले तर वाढ सुमारे सात टक्क्यांची. प्रोसेसरमुळेच अडलेला गेम सेकंदाला १०० फ्रेम देत असेल, तर फार तर १०७ देईल. अडचण ग्राफिक्स कार्डाची असेल, तर काहीच बदलणार नाही. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर शंभराच्या वरचे फ्रेम पडद्यावर दिसायचेच नाहीत. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विकत घेऊन तो विंडोजमध्ये ६० वरच ठेवलेला असणे ही तर नेहमीची गोष्ट आहे, आणि ती दुरुस्त करायला एक पैसा लागत नाही.

आता या वाढीची किंमत पाहू. चिपमध्ये काम करताना खर्च होणारी वीज ठोक्याच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ठोका १० टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेज १.२० वरून १.३२ वर नेले, तर खर्च १.१ गुणिले १.१ गुणिले १.१ होतो, म्हणजे एक तृतीयांशाने जास्त. वेग दहा टक्के, उष्णता तेहतीस टक्के. हे गणित कुठल्याही कंपनीच्या जाहिरातीने बदलत नाही.

कूलरचे काम नेमके काय आहे, हेही इथेच समजून घ्यायला हवे. हीटसिंक आणि पंखा चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. चिप त्या हवेपेक्षा किती वर राहील, एवढेच ते ठरवतात. समजा एखादा कूलर पूर्ण भाराखाली चिपला खोलीपेक्षा ४५ अंश वर ठेवतो. डिसेंबरच्या २२ अंशांत चिप ६७ वर असेल. उष्णता एक तृतीयांशाने वाढवली की हा फरक ६० होतो आणि चिप ८२ वर जाते. रायझन ५ ५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश आहे, म्हणजे सगळे ठीक वाटते. आता तोच पीसी मे महिन्यातल्या ४० अंशांच्या खोलीत ठेवा. काहीही न वाढवता चिप ८५ वर असेल, आणि वाढवल्यावर हिशेब शंभरावर जातो. तिथे पोहोचण्यापूर्वीच चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते. म्हणजे ज्याने वेग वाढवण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याचा गेम ऐन सुट्टीत मूळ सेटिंगपेक्षाही अडखळत चालू शकतो. शिवाय कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षा काही अंशांनी गरमच असते. पुढे काच आणि मागे एकच पंखा असलेल्या दिखाऊ कॅबिनेटमध्ये तर फारच.

लिक्विड कूलिंग घेतले की हा प्रश्न सुटतो, असा समज दोन्ही शहरांतल्या मुलांत पक्का आहे. तो खरा नाही. पाण्याची नळी उष्णता चिपपासून रेडिएटरपर्यंत नेते, पण रेडिएटरवरून वाहते ती खोलीचीच हवा. फरक कमी होतो, पाया तोच राहतो. ज्यांनी पायाच बदलला त्यांची गोष्ट वेगळी. २०११ मध्ये एएमडीच्या एफएक्स प्रोसेसरने ८.४२९ गिगाहर्ट्झ गाठून गिनीज विक्रम केला, त्यासाठी द्रव नायट्रोजन आणि द्रव हेलियम ओतावे लागले. पुढे २०२२ मध्ये द्रव हेलियमवर नऊ गिगाहर्ट्झची रेषाही ओलांडली गेली. हे विक्रम काही क्षणांचे असतात, त्या वेगाने कोणी गेम खेळत नाही. छायाचित्रे पाहून घरच्या बोर्डाचे व्होल्टेज चढवणाऱ्याने एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

मराठवाड्याचा स्वतःचा उपाय म्हणजे पाण्याचा कूलर. कोरड्या उन्हाळ्यात तो खरोखर उत्तम काम करतो. बाहेर ४२ अंश आणि हवेत ओलावा अगदी कमी असेल, तर चांगल्या जाळ्यांचा कूलर खोलीत तिशीच्या आसपासची हवा आणून सोडतो. प्रोसेसरसाठी हा दहा अंशांचा फायदा कुठल्याही महागड्या हीटसिंकपेक्षा मोठा आहे. फक्त कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये. त्यातून उडणारे बारीक तुषार क्षारांसह आत जातात, आणि बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर जाळीवर बसतो तसा बोर्डावरही बसू शकतो. खिडकी उघडी ठेवून हवा खेळती ठेवणेही गरजेचे, नाहीतर खोली नुसती दमट होते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कूलरचा उपयोग संपतो. आणि लातूरला पाण्याचीही खात्री धरता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये या शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा उन्हाळ्यात कूलरची टाकी भरायची कुणी? पीसीची सेटिंग कूलर बंद असतानाही टिकेल अशीच ठेवावी.

घराच्या बांधणीचाही यात वाटा आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे जड छत यांनी हजारो जीव घेतले. त्यानंतर या भागात सिमेंटच्या घरांकडे ओढा वाढला, आणि तो योग्यच होता. पण माळवदाखालची खोली दुपारी गार राहायची, सिमेंटचा स्लॅब मात्र दिवसभर घेतलेली उष्णता रात्री खाली सोडतो. पीसी शक्यतो तळमजल्यावर ठेवावा. पत्र्याच्या खोलीत ठेवायचाच असेल, तर ओव्हरक्लॉकिंगचा विचारच करू नये. लातूर बालाघाटच्या पठारावर आहे, नांदेड गोदाकाठी त्याहून खाली. पण हा फरक छतापुढे किरकोळ ठरतो. धूळ दोन्हीकडे सारखीच. ती हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखी बसते. उन्हाळ्याआधी एकदा ब्लोअरने ती काढावी. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून खराब होतात.

उष्णतेइतकाच दुसरा प्रश्न विजेचा. घरात येणारा दाब २३० व्होल्ट असावा, पण संध्याकाळी भार वाढला की तो उतरतो, आणि वळवाच्या पावसात तर वीज येते-जाते. पीसीत त्या विजेला तोंड देतो तो एसएमपीएस. तो प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाला १२ व्होल्ट देतो, आणि ठरलेल्या मानकानुसार त्यात पाच टक्क्यांहून अधिक फरक पडू नये, म्हणजे ११.४ ते १२.६ च्या मध्ये तो राहावा. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या बिननावाच्या एसएमपीएसवर ५०० वॉट छापलेले असले, तरी तो ही मर्यादा पाळेल याची खात्री नसते. ग्राफिक्स कार्डाला बोर्डाच्या खाचेतून ७५ वॉट आणि आठ पिनांच्या केबलमधून आणखी १५० वॉट मिळण्याची सोय असते. ती केबल एसएमपीएसचीच असावी, जुन्या मोलेक्स जोडणीवर अ‍ॅडॉप्टर लावून केलेली नसावी. बजेटमध्ये कुठे कात्री लावायची, हा प्रश्न आला तर रंगीत दिवे आधी जावेत आणि एसएमपीएस सर्वांत शेवटी. या बाबतीत तडजोड करू नये, असे ठामपणे सांगावेसे वाटते.

अर्थिंगकडे तर जवळपास कोणीच पाहत नाही. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि घरातले ते चालायचेच म्हणून सोडून देतात. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून धातूच्या पेटीकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांनी गोळा केलेला विद्युत गोंगाट अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा, अशी योजना असते. तार नसेल किंवा नुसती खोटी तिसरी पिन असेल, तर पेटीवर पुरवठ्याच्या निम्मा दाब येऊन बसतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण ती धोक्याची सूचनाच असते, कारण उद्या आत खरा बिघाड झाला तर वाचवायला काहीच नसते. वेग वाढवण्याच्या आधी वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजून घ्यावा. तो दोन-चार व्होल्टच्या आत असला पाहिजे. मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी ओतत राहावे लागते. आणि ढग गडगडू लागले की सरळ प्लग काढावा. स्पाइक गार्डच्या भरवशावर राहू नये.

यूपीएस घेताना बहुतेक जण आकडा पाहतात तो व्हीएचा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. त्यावर पीसीबरोबर मॉनिटरही असतो. वेग वाढवलेला पीसी ऐन गेममध्ये ही मर्यादा ओलांडतो आणि वीज गेल्या क्षणी यूपीएस हात वर करतो. यातला सर्वांत मोठा धोका बायोस, म्हणजे बोर्डावरचा मूळ प्रोग्राम, अपडेट करताना असतो. ते काम चालू असताना वीज गेली, तर बोर्ड सुरूच होत नाही आणि दुरुस्तीला पाठवावा लागतो. चांगल्या यूपीएसशिवाय आणि वादळी हवेत बायोसला हात लावू नये.

बायोस अपडेट टाळावे असा मात्र याचा अर्थ नाही, कारण गेल्या काही वर्षांतल्या दोन मोठ्या प्रकरणांत उपाय बायोसमधूनच आला. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीचे रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्याच्या तक्रारी आल्या. मेमरीचा वेग वाढवणारे एक्स्पो प्रोफाइल सुरू केल्यावर काही बोर्ड चिपच्या एका भागाला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते. एएमडीने नव्या बायोसद्वारे ते १.३ व्होल्टवर बांधून टाकले. पाठोपाठ २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले की तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत चुकीच्या मायक्रोकोडमुळे जास्त व्होल्टेज जात होते आणि त्यामुळे चिप्स हळूहळू खराब होत होत्या. ऑगस्टमध्ये सुधारित मायक्रोकोड आला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. या दुसऱ्या प्रकरणात अनेक ग्राहकांनी काहीही वाढवलेले नव्हते. जास्तीचे व्होल्टेज चिपला कसे खाते, हे त्यातून साऱ्या जगाला दिसले. चिपमधल्या अतिसूक्ष्म तारांत प्रवाह आणि उष्णता वाढली की धातूचे अणू जागा सोडू लागतात. ही झीज एका दिवसात दिसत नाही आणि एकदा झाली की भरून येत नाही. वॉरंटीबाबतही स्पष्ट असावे. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान कंपन्या सहसा भरून देत नाहीत, मग ते त्यांनीच दिलेल्या सॉफ्टवेअरने केलेले असले तरी.

एवढे सगळे वाचून हा छंदच सोडून द्यावा, असे कोणाला वाटायला नको. आपल्या यंत्राच्या आत काय चालले आहे, हे मुलाला जितके यातून कळते तितके क्वचितच दुसऱ्या कशातून कळते. फक्त क्रम उलटा करावा. पहिला हात मेमरीला. ३२०० म्हणून विकत घेतलेली डीडीआर४ मेमरी बायोसमध्ये एक्सएमपी सुरू करेपर्यंत २१३३ ते २६६६ वरच चालत असते. ही सेटिंग वर्षानुवर्षे बंद राहिलेले कितीतरी पीसी आहेत. मेमरीची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी बसवल्याने अनेक गेममध्ये प्रोसेसरच्या ओव्हरक्लॉकिंगपेक्षा जास्त फायदा होतो, विशेषतः वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तेव्हा.

दुसरा हात व्होल्टेज उतरवण्याला, म्हणजे अंडरव्होल्टिंगला. मराठवाड्यासाठी सर्वांत मोलाची युक्ती कोणती असे विचारले, तर उत्तर हेच. वर्गाचा जो नियम व्होल्टेज वाढवताना महाग पडतो, तोच उतरवताना फायद्याचा ठरतो. ग्राफिक्स कार्ड त्याच ठोक्यावर १.०५ ऐवजी ०.९० व्होल्टवर स्थिर चालले, तर कामाला लागणारी वीज सुमारे एक चतुर्थांशाने घटते. पंखे शांत होतात, खोली कमी तापते, आणि तापमानाच्या अडसरामुळे उतरणारा वेग टिकून राहतो. रायझनमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर हेच काम करतो. त्यात उणे दहा-पंधरापासून सुरुवात करावी. व्होल्टेज वाढवून ठोका वाढवण्याची पाळी सर्वांत शेवटी येते, आणि पीसी अभ्यासासाठीही वापरणाऱ्या बहुतेकांनी तिथपर्यंत जाऊ नये, असे या लेखनाचे स्पष्ट मत आहे.

प्रत्येक बदलानंतर चाचणी हवी. प्राइम९५ हा प्रोग्राम १९९६ मध्ये प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी निघाला. तो आपली उत्तरे स्वतः तपासतो, त्यामुळे प्रोसेसर गणित चुकला की लगेच सांगतो. मेमरीसाठी मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावा. पीसी बंद न पडता चालतो म्हणजे ठीक आहे, ही समजूत घातक आहे. मेमरीतली चूक गेम न थांबवताही फाइल बिघडवू शकते, आणि त्या फाइलींत सबमिशनचा प्रोजेक्टही असतो. म्हणून आधी बॅकअप, मग प्रयोग. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. पीसी सुरूच झाला नाही, तर घाबरायचे कारण नाही. प्लग काढून बोर्डावरचा नाण्याएवढा सेल काही मिनिटे काढून ठेवला की बहुतेक बोर्डांवर सेटिंग मूळपदावर येते.

कुठल्याही सेटिंगला हात लावण्यापूर्वी वाचकाने एक काम करावे. काहीही न बदलता एचडब्ल्यूइन्फो हा तापमान आणि व्होल्टेज दाखवणारा प्रोग्राम सुरू करून आपला नेहमीचा गेम अर्धा तास खेळावा. खोलीचे तापमान, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचे कमाल तापमान, १२ व्होल्टचा आकडा आणि मिळालेले फ्रेम तारखेसह लिहून ठेवावेत. आता हिवाळा असेल, तर हीच नोंद मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी, खोलीतला पाण्याचा कूलर बंद ठेवून, पुन्हा घ्यावी आणि वेग किती वाढवायचा याचा निर्णय त्या दुसऱ्या नोंदीवरून करावा.